खुब्यातला काळा ढग

आई-बाबांचा गुडघा किंवा खुबा बदलून झालाय? छान. पण उद्या तिथेच दुखायला लागलं, तर आत डोकावून बघायचं कसं? धातूला बिचकणारा एमआरआय आता धातूशी जुळवून घ्यायला शिकलाय. फक्त आपल्याला ते मागता यायला हवं!

शनिवारची संध्याकाळ. एफ. सी. रोडवर कॉफी, मग रात्रीचा शो, असा झकास प्लॅन ठरलेला. मी गाडीची किल्ली शोधत होते आणि तेवढ्यात आईचा फोन.

"अगं, बाबांचा एमआरआयचा रिपोर्ट आलाय. पण त्यात काही दिसतच नाही म्हणतात."

"दिसत नाही म्हणजे? नॉर्मल आहे का?"

"नॉर्मल नाही, अॅबनॉर्मल पण नाही. दिसतच नाही!"

कॉफी गेली, पिक्चर गेला. घरी पोचले तर बाबा खिडकीशी उभे. एका हातात फिल्म, दुसऱ्या हातात काठी. फिल्म उजेडात धरली. एका बाजूला मांडीचं हाड, स्नायू, चरबी सगळं सुबक, पेन्सिलने काढल्यासारखं. आणि दुसऱ्या बाजूला, जिथे खुबा असायला हवा, तिथे एक मोठा काळा ढग. ढगाच्या कडेला पांढऱ्याफट्ट ठिणग्या. आसपासचं सगळं वाकडंतिकडं ओढलेलं, जत्रेतल्या आरशात दिसतं तसं.

बाबांनी शांतपणे निकाल दिला. "साडेसात हजारांत फोटो काढला आणि लेन्सवर बोट ठेवलं."

बाबांचा स्पेअर पार्ट

जरा फ्लॅशबॅक. आमचे बाबा भोसरीच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून लागले आणि फोरमन होऊन रिटायर झाले. आयुष्य लेथवर गेलं. पन्नाशीत त्यांच्या डाव्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झाला आणि गोळा झिजला. २०१४ मध्ये सांधा बदलला. मांडीच्या हाडात टायटॅनियमचा दांडा, त्यावर कोबाल्ट-क्रोमचा गोळा, वर टायटॅनियमची वाटी आणि वाटीत प्लॅस्टिकचं अस्तर. बाबा आल्यागेल्याला सांगायचे, "बॉल बेअरिंग बदललं." ऑपरेशननंतर सहा महिन्यांत ते सायकलवर होते.

मग गेल्या वर्षी पुन्हा दुखायला लागलं. आधी जिना चढताना, मग कुशीवर झोपताना. नंतर चालताना शरीर एका बाजूला झुकायला लागलं. सर्जनकडे गेलो. एक्स-रे एकदम ओके. इन्फेक्शनसाठी रक्ततपासणी केली, तीही ओके. पण दुखणं काही ओके होईना.

सर्जननी शक्यता मोजून दाखवल्या. दांडा किंवा वाटी हाडातून थोडी सैल झाली असेल. अस्तर झिजून त्याच्या कणांमुळे हाड आतून पोखरलं जात असेल. रक्तात न दिसणारं बारीक इन्फेक्शन असेल. किंवा सांधा ठणठणीत असेल आणि आजूबाजूच्या स्नायूचंच काहीतरी बिनसलं असेल. एक्स-रेमध्ये हाड आणि धातू दिसतो, स्नायू नाही. म्हणून एमआरआय. आणि एमआरआयमध्ये तो ढग.

रिपोर्टमधल्या शेवटच्या ओळीचा अर्थ असा होता, की धातूमुळे प्रतिमा विस्कळीत झाल्याने खुब्याभोवतीच्या भागाबद्दल मत देता येत नाही. आता? "दुखणं असंच वाढत गेलं तर उघडून बघावं लागेल," सर्जन म्हणाले. आईचा चेहरा उतरला. कारण बसवलेला सांधा काढून नवीन बसवणं हे पहिल्या ऑपरेशनपेक्षा जास्त मोठं काम. वेळ जास्त, रक्त जास्त, हाड आणखी कमी. आणि बाबा आता सदुसष्ट वर्षांचे.

उघडून बघायचं, आणि आत सगळं घट्ट निघालं तर? कार सर्व्हिसिंगला टाकतानाही आपण आधी आवाज कुठून येतोय ते बघतो. इथे तर माणूस होता, आणि तोही आपला.

पिनकोडचा घोळ

मग मी माझं एकमेव शस्त्र बाहेर काढलं. प्रश्न विचारणं. ओळखीच्या ओळखीतून एक रेडिओलॉजिस्ट गाठले. हाडं आणि सांध्यांचे स्कॅन वाचणं हीच त्यांची खासियत. त्यांनी कटिंग चहा मागवला आणि पहिलंच वाक्य टाकलं, "काळं दिसलं म्हणजे तिथे काहीतरी काळं आहे असं नाही. तिथून निरोपच आला नाही."

म्हणजे काय रे भाऊ? तर फंडा असा. आपल्या अंगात पाणी आणि चरबी ठासून भरलेली. त्यात हायड्रोजन. एमआरआयच्या जबरदस्त चुंबकात हे हायड्रोजनचे अणू ठरावीक वेगाने गिरक्या घेतात. १.५ टेस्लाच्या मशीनमध्ये सेकंदाला जवळजवळ ६ कोटी ४० लाख वेळा. चुंबक जितका ताकदवान, तितकी गिरकी वेगवान. मशीन मुद्दाम चुंबकाची ताकद शरीराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किंचित बदलत नेतं. त्यामुळे प्रत्येक जागेची गिरकी वेगळी. गिरकी ऐकली की कॉम्प्युटरला कळतं, हा निरोप कुठल्या गल्लीतून आला. थोडक्यात, गिरकी म्हणजे पिनकोड.

आता मध्ये धातू आला. धातू त्या भागातलं चुंबकीय क्षेत्र वाकवतो. क्षेत्र वाकलं की आजूबाजूच्या अणूंच्या गिरक्या बदलतात. म्हणजे पिनकोडच बदलला! कोथरूडच्या चिठ्ठ्या हडपसरला पोचतात. एकाच घरात शेकडो चिठ्ठ्या पडल्या, की तिथे पांढरीफट्ट ठिणगी. घराकडे एकही चिठ्ठी फिरकली नाही, की काळा ढग. आणि काही चिठ्ठ्यांवरचा पत्ता इतका चुकलेला असतो, की मशीन ज्या पट्ट्यात ऐकतंय त्याच्या बाहेरच त्या पडतात.

तिसरा घोळ चरबीचा. सूज आणि पाणी नीट दिसावं म्हणून एमआरआयमध्ये चरबीचा आवाज बंद करतात. नेहमीची पद्धत चरबीच्या गिरकीवर नेम धरून तो आवाज दाबते. पण धातूजवळ गिरक्याच बदललेल्या. नेम चुकतो. चरबी तशीच चमकत राहते आणि कधीकधी चुकून पाणीच गायब होतं. म्हणजे सूज शोधायला गेलो आणि सूजच पुसून आलो. डोक्याला शॉट!

सगळं लोखंड सारखं नसतं

घरी येऊन हे सगळं बाबांना सांगितलं. रिटायर झाल्यापासून इतके खूश मी त्यांना पाहिलं नव्हतं. ते उठले, कपाटातून लोहचुंबक काढला आणि स्वयंपाकघरातल्या भांड्यांना लावत सुटले. "हे बघ, याला चिकटतो. याला नाही. तीनशे सोळा नंबरच्या स्टीलला चिकटतच नाही. शरीरात घालतात ते स्टील त्याच जातीचं."

बाबा बरोबर होते. हाडात बसवायचं स्टील, टायटॅनियम आणि कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूंना एमआरआयचा चुंबक लोखंडासारखा खेचून घेत नाही. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या सिलिंडरसह एक तरुण एमआरआयकडे खेचला गेला आणि त्याचा जीव गेला. तेव्हापासून "अंगात धातू म्हणजे एमआरआय नाहीच" ही भीती आपल्याकडे आणखी घट्ट झाली. पण बाहेरून नेलेलं लोखंडी सिलिंडर आणि हाडात पक्का बसलेला सांधा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बहुतेक सांधे ठरावीक अटी पाळून स्कॅन करता येतात. त्या अटी सांधा बनवणारी कंपनी लिहून देते.

मात्र चिकटत नाही म्हणजे त्रास देत नाही, असंही नाही. क्षेत्र वाकवण्यात टायटॅनियम त्यातल्या त्यात सभ्य. कोबाल्ट-क्रोम त्याच्या सुमारे पाचपट खोडकर. आणि हाडातलं स्टील त्याहूनही कितीतरी पुढे. म्हणजे तुमच्या आजीच्या मोडलेल्या मांडीत जुना स्टीलचा रॉड असेल तर ढग मोठा. टायटॅनियमचा असेल तर लहान.

इथेच आमची पहिली चूक उघडी पडली. आम्ही शोधून शोधून ३ टेस्लाचं मशीन असलेलं सेंटर गाठलं होतं. मोठा आकडा, चांगला फोटो! मोबाइलच्या कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल बघून घेतो ना, तसं. मेंदूसाठी, छोट्या सांध्यांसाठी ३ टेस्ला भारी असेल. पण चुंबकाची ताकद वाढली की धातूमुळे होणारा बिघाडही त्याच प्रमाणात वाढतो. धातू असेल तिथे १.५ टेस्लाच सहसा बरा. आता तर ०.५५ टेस्लाची नव्या पिढीची मशीन्सही बाजारात आहेत आणि धातूच्या बाबतीत त्यांचा हाच फायदा सांगितला जातो. रेडिओलॉजिस्ट हसून म्हणाले, "इथे सीसी कमी असलेली बाइकच ट्रॅफिकमधून लवकर निघते!"

जखमेतून जागं झालेलं संशोधन

आता थोडा इतिहास. बोअर करणार नाही, प्रॉमिस.

१९६२ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन चार्न्ली या सर्जनने स्टीलचा गोळा आणि प्लॅस्टिकची वाटी अशी जोडी बसवली आणि आजच्या खुबेबदलाचा पाया घातला. आपल्याकडे घराघरात हा विषय पोचला तो अटलबिहारी वाजपेयींमुळे. २००० आणि २००१ मध्ये पंतप्रधानांचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडीमध्ये बदलले गेले. शस्त्रक्रिया न्यूयॉर्कहून आलेल्या डॉ. चित्तरंजन राणावत यांनी केली. त्यानंतर काकू, मावशी, शेजारचे जोशीकाका सगळेच "गुडघे केले" म्हणायला लागले. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमती बांधल्या. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमच्या सांध्याची कमाल किंमत जीएसटी सोडून ५४,७२० रुपये ठरली.

सांधे वाढले, तसे सांध्यांचे प्रश्नही वाढले. त्यातला सगळ्यात मोठा दणका बसला २०१० मध्ये. काही खुब्यांमध्ये गोळाही धातूचा आणि वाटीही धातूची होती. कल्पना अशी, की हे जास्त टिकेल. पण धातूवर धातू घासून कोबाल्ट आणि क्रोमियमचे अतिसूक्ष्म कण सुटतात, असं दिसायला लागलं. त्या कणांमुळे काही पेशंट्सच्या खुब्याभोवती द्रवाने भरलेल्या पिशव्या आणि गाठी तयार झाल्या. काहींचे स्नायू आतून सडले. ऑगस्ट २०१० मध्ये डीप्यू या कंपनीने आपला एएसआर हा खुबा जगभरातून परत बोलावला. भारतात त्याच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. केंद्र सरकारची तज्ज्ञ समिती नेमली गेली २०१७ मध्ये. तिच्या अहवालानंतर भरपाईचं सूत्र ठरलं २०१८ मध्ये. मध्ये आठ वर्षं गेली.

आपल्या विषयाशी याचा संबंध काय? संबंध असा, की यातल्या कित्येक खुब्यांचे एक्स-रे छान दिसत होते. बिघाड होता मऊ भागात. तो बघायला एमआरआय हवा, आणि एमआरआयला धातू नको! एप्रिल २०१० मध्ये ब्रिटनच्या औषध आणि उपकरण नियामकाने डॉक्टरांना सूचना काढली. अशा पेशंट्सच्या रक्तातलं कोबाल्ट-क्रोमियम मोजा आणि गरज पडली तर सोनोग्राफी किंवा धातूचा बिघाड कमी करणारा एमआरआय करा. एका फटक्यात हजारो लोकांना असा स्कॅन लागणार होता.

नशीब असं, की रेसिपी नुकतीच तयार झाली होती. १९८८ मध्येच झेड. एच. चो आणि सहकाऱ्यांनी एक युक्ती सुचवली होती. स्कॅन वाचताना बघण्याचा कोन किंचित कलता करायचा, म्हणजे बाजूला सरकलेले ठिपके बऱ्यापैकी जागेवर येतात. पण ती अर्धीच दुरुस्ती होती. मोठी झेप आली २००९ मध्ये, आणि तीही एकाच वर्षी दोन ठिकाणांहून.

पहिली केव्हिन कॉक आणि जीईमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांची, नाव मॅव्हरिक. तिचा फंडा रेडिओसारखा. धातूजवळचे अणू वेगवेगळ्या स्टेशनवर बोलतायत ना? मग एकच स्टेशन लावून बसू नका. काटा थोडा थोडा सरकवत सगळी स्टेशनं ऐका, प्रत्येकाचा वेगळा फोटो काढा आणि शेवटी सगळे फोटो एकत्र करा.

दुसरी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ब्रायन हारग्रीव्ज यांच्या गटाची, नाव सेमॅक. एमआरआय शरीराचे काप घेतो, पावाच्या लादीसारखे. धातूजवळ हे काप सरळ न येता फुगतात, वळतात. सेमॅक प्रत्येक काप नेमका कुठे वाकलाय ते मोजतो आणि त्यातला प्रत्येक तुकडा पुन्हा आपल्या जागी नेऊन ठेवतो. पुढे दोन्हींचा मेळ घालणारी पद्धतही आली. आज मोठ्या कंपन्यांच्या मशीन्सवर यांपैकी काही ना काही, वेगवेगळ्या ब्रँडनावांनी मिळतं.

प्रॉब्लेम एकच, वेळ. वीस फोटो काढायचे तर वेळ लागणारच. म्हणून पुढची सगळी वर्षं स्पीड वाढवण्यात गेली. कमी माहिती गोळा करून बाकीची गणिताने भरून काढायची तंत्रं आली. आता त्यात एआय उतरलंय. एआयने चित्र स्वच्छ होतं आणि वेळ वाचतो. पण रेडिओलॉजिस्टनी लगेच ब्रेक मारला. "जिथून निरोपच आला नाही, तिथे एआयने सुंदर स्नायू काढून दाखवला, तर मी घाबरेन!"

आणि सीटी स्कॅन?

तुम्ही म्हणाल, एमआरआय इतका नाजूक, तर सीटी करा ना. सीटीची दुखणी वेगळी. तिथे एक्स-रे धातूतून पार होतानाच अडतात. सौम्य किरणं आधीच गळतात, काही दिशांनी तर पलीकडे जवळजवळ काहीच पोचत नाही. मग फोटोत धातूपासून चहूकडे रेघा सुटतात. थेट दिवाळीतली फुलबाजी.

त्यावरही उपाय आलेत. दोन वेगवेगळ्या ताकदीच्या एक्स-रेंनी स्कॅन करायचा आणि गणिताने असा फोटो बनवायचा, जणू जास्त ऊर्जेच्या किरणांनीच काढला. शिवाय रेघा पुसणारं सॉफ्टवेअर. आणि प्रत्येक किरण सुटा मोजणारा फोटॉन-काउंटिंग सीटी. त्याला अमेरिकेत सप्टेंबर २०२१ मध्ये मंजुरी मिळाली. हाड पोखरलंय का, दांडा सैल आहे का, बसवताना फिरला का, यासाठी सीटी भारी. स्नायू, दोऱ्या, सूज यासाठी एमआरआय. सॉफ्टवेअरने रेघा पुसताना कधीकधी नवीनच सावल्या उमटतात. म्हणून चांगला रेडिओलॉजिस्ट पुसलेला आणि मूळ, दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघतो.

वीस मिनिटांचा स्लॉट

एवढं सगळं ऐकल्यावर माझ्या डोक्यात एकच प्रश्न. मग आमच्या वेळी हे का नाही झालं?

मी त्या पहिल्या सेंटरला फोन लावला. बराच वेळ गाणं ऐकवल्यावर एक टेक्निशियन लाइनवर आला. बिचारा प्रामाणिक निघाला. "मॅडम, चिठ्ठीवर फक्त 'एमआरआय हिप' लिहिलं होतं. आम्ही हिपचा नेहमीचा प्रोग्राम लावला. वीस मिनिटांचा स्लॉट असतो."

"पण फॉर्ममध्ये आम्ही सांधा बदलल्याचं लिहिलं होतं."

"ते सेफ्टीसाठी असतं, मॅडम. बघण्यासाठी नाही."

हे वाक्य मी त्या रात्री डायरीत लिहून ठेवलं. आत धातू आहे हे सेंटरला माहीत होतं. पण ती माहिती पेशंटला आत सोडायचं की नाही एवढंच ठरवायला वापरली गेली. फोटो कसा काढायचा, हे ठरवायला नाही.

आणि गंमत म्हणजे, महागडं मॅव्हरिक-सेमॅक नसलं तरी साध्या मशीनवर बरंच काही करता येतं. निरोप ऐकण्याचा पट्टा रुंद करायचा, म्हणजे पत्ता चुकला तरी चिठ्ठी फार लांब जात नाही. काप पातळ घ्यायचे. चरबी दाबायला गिरकीवर नेम धरणारी पद्धत सोडून स्टर नावाची जुनी पद्धत वापरायची, ती धातूजवळ कमी गडबडते. या सगळ्याला नवीन मशीन लागत नाही. माहितगार माणूस आणि जास्तीचा वेळ लागतो. आणि आपल्याकडच्या सेंटरमध्ये सगळ्यात महाग काय असेल, तर तो जास्तीचा वेळ. बाहेर बाकड्यावर बारा पेशंट बसलेले असतात, त्यांचं तरी काय चुकलं?

रेडिओलॉजिस्टनी सांगितलं, "दुसरा स्कॅन १.५ टेस्लावर करा. आणि येताना ऑपरेशनची फाइल आणा. सांधा कुठला आहे ते मला बघायचंय."

फाइल! अकरा वर्षांपूर्वीची! आईने गोदरेजचं कपाट उघडलं. एलआयसीच्या पॉलिसींच्या खाली, माझ्या दहावीच्या मार्कलिस्टच्या वर ती फाइल निघाली. आत सांध्याच्या प्रत्येक भागाचा छोटा स्टिकर चिकटवलेला, त्यावर कंपनी, साइज, बॅच नंबर. बाबांनी प्रेमाने हात फिरवला. "पार्टला नंबर पाहिजेच. नाहीतर स्टोअरवाला माल देत नाही."

मग निघालं काय?

या वेळी स्कॅनला पाऊण तास लागला. बाबा त्या बोगद्यात, मी बाहेर. आतून ठाकठूक ऐकू येत होती. बाहेर आल्यावर त्यांची पहिली प्रतिक्रिया, "सेकंड शिफ्टची आठवण आली."

संध्याकाळी रेडिओलॉजिस्टनी स्क्रीनवर दोन्ही फोटो शेजारी लावले. मी श्वास रोखून बसले होते. ढग विरला होता! पूर्ण नाही. दांड्याच्या आणि गोळ्याच्या अगदी लगत एक पातळ काळी किनार होतीच. ती राहणारच, असं ते म्हणाले. पण त्याच्या पलीकडे हाड दिसत होतं. दांड्याभोवती द्रवाची रेघ नव्हती. वाटीमागे पोखरल्याची खूण नव्हती. गाठ नव्हती, पिशवी नव्हती. मोजून ठेवलेल्या शक्यतांवर एकेक करून काट बसत गेली.

मग त्यांनी बोट खुब्याच्या बाहेरच्या बाजूला नेलं. मांडीच्या हाडाला वर जो उंचवटा असतो, त्यावर कुल्ल्याच्या स्नायूंच्या दोऱ्या येऊन बसतात. एका पायावर उभं राहताना कंबर सरळ धरतात त्या याच. बाबांची तिथली दोरी बरीचशी सुटलेली होती. तिच्याखाली सूज. म्हणून कुशीवर झोपता येत नव्हतं. म्हणून चालताना झुकत होते. बॉल बेअरिंग शाबूत होतं, त्याला धरणारी दोरीच तुटत चालली होती.

सर्जननी फोटो बघितले आणि सांगितलं, "सांध्याला हात लावायचा नाही." आईने तिथेच डोळे पुसले. मीही, पण मोबाइल बघायच्या बहाण्याने.

म्हणून सगळं आलबेल झालं का? नाही. स्कॅनमध्ये त्या स्नायूचा काही भाग चरबीने भरलेलाही दिसला. म्हणजे दुखणं जुनं होतं. जितका काळ गेला, तितकी ताकद परत येणं कठीण. दोरी शिवायचं ऑपरेशन हा पर्याय आहे, पण फायदा किती होईल याची गॅरंटी कोणी देत नाही. आधी फिजिओथेरपी, मग बघू. पहिला स्कॅन नीट झाला असता तर चार महिने वाचले असते. त्या चार महिन्यांनी काय फरक पडला असता, हे मी सर्जनना विचारलं. ते म्हणाले, "थोडा पडला असता." मग विषय बदलला.

एक गोष्ट मात्र लगेच सुधारली. बाबा इतके दिवस काठी डाव्या हातात धरत होते, दुखऱ्या बाजूलाच. फिजिओथेरपिस्ट मुलीने ती काढून उजव्या हातात दिली. "काका, काठी नेहमी चांगल्या बाजूला." दोन पावलांत झुकणं कमी झालं. बाबा तिच्याकडे बघतच राहिले. "एवढं साधं होतं?"

हल्ली ते रोज सकाळी गॅलरीत आडवे पडून पाय वर उचलतात, पंधरा वेळा, तीन सेट. मोजायला आई. सायकल अजून जिन्याखाली आहे. हवा मात्र त्यांनी परवा भरून ठेवली.

मी त्या फाइलमधल्या स्टिकरचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवलाय, आईच्या आणि भावाच्या मोबाइलमध्येही. येत्या रविवारी घरी जाल, तेव्हा तेवढं एक काम तुम्हीही करून टाका. पाच मिनिटं लागतात. पिक्चर नंतरही बघता येतो.

स्कॅनला जाण्याआधी... छोटी चेकलिस्ट

• चिठ्ठीवर नुसतं 'एमआरआय हिप' किंवा 'एमआरआय नी' नको. सांधा बदललेला आहे, कुठल्या बाजूचा, किती साली, आणि डॉक्टरांना नेमकं काय शोधायचंय, हे लिहून घ्या.

• अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, "तुमच्याकडे धातूचा बिघाड कमी करणारा प्रोटोकॉल आहे का? त्यासाठी जास्तीचा वेळ द्याल का?" समोरचा गोंधळला, तर दुसरं सेंटर बघा.

• मोठ्या आकड्याला भुलू नका. धातू असेल तिथे १.५ टेस्ला बहुतेक वेळा ३ टेस्लापेक्षा सोयीचा.

• सांध्याचा स्टिकर किंवा कार्ड, ऑपरेशनची फाइल आणि जुने एक्स-रे बरोबर न्या.

• अंगात पेसमेकर, कानातलं इम्प्लांट, मेंदूतली क्लिप असं काहीही असेल तर आधी सांगा. त्याचे नियम सांध्यापेक्षा वेगळे असतात.

• 'मत देता येत नाही' असा रिपोर्ट आला तर त्याचा अर्थ 'सगळं ठीक आहे' असा होत नाही. डॉक्टरांना विचारा, वेगळ्या पद्धतीचा एमआरआय, सीटी किंवा सोनोग्राफी उपयोगी पडेल का?